विद्यापीठाच्या संघातल्या आपल्या मुली

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या कागदांवर खेळाडूच्या नावापुढे तिच्या कॉलेजचं नाव असतं, शाळेचं नसतं. त्यामुळे मराठवाडा विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात आपल्या शाळेच्या मुली खेळल्या, हे आज लातुरात फार थोड्यांना ठाऊक आहे. स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं, तेव्हा हेच लिहायचं ठरवलं.

आपलं मैदान काळ्या मातीवर मुरूम टाकून केलेलं. पावसाळा संपला की रोलर फिरायचा आणि आमच्या खेळाच्या बाई आम्हाला फक्कीची घमेली घेऊन उभ्या करायच्या. 28 बाय 15 मीटर. चारी कोपऱ्यांना खुंट्या, मध्ये ताणलेली सुतळी. मधल्या वर्तुळासाठी खिळ्याला 1.80 मीटर सुतळी बांधून एक जण गोल फिरायची आणि दुसरी तिच्यामागे फक्की सोडत जायची. रेघ वाकडी झाली तर बाई पायाने पुसून पुन्हा आखायला लावत. रिंगला जाळी टिकायची नाही, त्यामुळे बॉल रिंगमधून गेला की बाहेरून, यावर हमरीतुमरी व्हायची. मुलींसाठी वेगळा सहा नंबरचा बॉल आता मिळतो. आम्ही मुलांच्याच बॉलने शिकलो.

मुरमावर बॉलचा टप्पा भरवशाचा नसतो. खडा लागला की बॉल भलतीकडे जातो. म्हणून बाईंनी ड्रिबल कमी आणि पास जास्त, असाच खेळ आमच्या अंगात मुरवला. पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत सिमेंटच्या कोर्टवर वाढलेल्या मुंबई-पुण्याच्या मुलींसमोर आम्ही उभ्या राहिलो, त्या या पासिंगच्या जोरावर. बॉल इतका सरळ वर येतो, याचीच आम्हाला सवय नव्हती!

बाई खेळाचा इतिहासही सांगायच्या. 1891 मध्ये अमेरिकेत नेस्मिथ यांनी हा खेळ काढला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो स्मिथ कॉलेजच्या मुलींना शिकवला. मुलींना दम लागू नये म्हणून मैदानाचे तीन भाग केले होते आणि आपला भाग सोडून जायला बंदी होती. 4 एप्रिल 1896 ला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला. एका बाजूला नऊ-नऊ खेळाडू, पुरुषांना बघायलाही प्रवेश नाही, आणि स्टॅनफर्डने तो 2-1 असा जिंकला. हे ऐकताना आम्हाला आपली कंपाउंडची भिंत आठवायची. संध्याकाळी तिच्यावर पोरं ओळीने बसायची आणि सराव सुरू करण्याआधी बाईंचं पहिलं काम त्यांना खाली उतरवण्याचं.

खरी अडचण घरी होती. गाव परकं, मुक्काम आणि त्यात हाफपँट. आमच्या आण्णांनी सरळ नाही म्हटलं होतं. बाई घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "आण्णा, पोरगी माझ्या जबाबदारीवर नेते. तुमच्या दारात आणून सोडते." आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, "तिची पिशवी भरून दे." अशा किती घरांत बाई गेल्या असतील!

कॉलेजात गेल्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग निवड चाचणी, मग औरंगाबादला शिबिर. अंबाजोगाई, बीड, गेवराई करत एसटी पहाटे पोचायची. 1958 मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात तेव्हा सगळा मराठवाडा होता, म्हणून एकाच संघात नांदेडची सेंटर, परभणीची गार्ड आणि लातूरच्या आम्ही. विद्यापीठाचा कलर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचा मान मिळाला, त्याचा ब्लेझर आण्णांनी स्वतः इस्त्रीला नेला.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आमच्या भागात खेळाचं नाव कुणी काढलं नाही. 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. लातूर, नांदेड, परभणी तिकडे गेले. बीड, जालना औरंगाबादकडेच राहिले. संघ मधोमध वाटला गेला. जिच्या पासवर मी डोळे झाकून धावायचे, ती बीडची मैत्रीण आता समोरच्या संघात होती. आमचे इशारे तिला पाठ, तिचे आम्हाला. नवा संघ उभा करायला आम्हाला लातूर-नांदेडच्या शाळांमधून खेळून आलेल्या मुलीच उपयोगी पडल्या.

या सगळ्याची नोंद शाळेने करावी, ही माझी मागणी आहे. माझ्याजवळची कलरची प्रमाणपत्रं आणि संघांचे फोटो यांच्या प्रती मी कार्यालयात देत आहे. ज्या ज्या मुली खेळल्या, त्यांनीही द्याव्यात आणि फोटोमागे वर्ष, जागा व माहेरचं आडनाव आवर्जून लिहावं. लग्नानंतर आडनावं बदलली, आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये आपण जुन्याच नावाने सापडतो.