एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक उणा

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत मी चौथीच्या वर्गाला शिकवते. गेल्या पावसाळ्यात वह्या तपासताना एका मुलाने सोडवलेले ४८ गुणिले २१ हे उदाहरण समोर आले. त्याने आधी ४८ लिहिले होते, त्याखाली ९६ लिहिले होते, पण दुसरी ओळ एक घर डावीकडे सरकवायची राहिल्यामुळे बेरीज १४४ झाली होती. पाढे बरोबर, बेरीज बरोबर, अक्षर नेटके आणि उत्तर मात्र सातपटीने कमी. लाल फुली मारण्याऐवजी मी त्याला टेबलाजवळ बोलावले आणि विचारले, "अठ्ठेचाळीस कशाच्या जवळ?" तो म्हणाला, "पन्नासच्या." "आणि एकवीस?" "विसाच्या." "मग वीस वेळा पन्नास किती?" त्याने क्षणभर छताकडे पाहिले, "हजार, बाई," असे म्हटले, आणि मग वहीतल्या १४४ कडे त्याची नजर गेली. मी पुढे काहीच बोलले नाही. त्याने स्वतःच खोडरबर काढले.

त्या मुलाला अदमास करता येत होता, पण उदाहरण सोडवण्यापूर्वी तो करावा असे त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि त्याची गणिताची शिक्षिका मीच असल्यामुळे ही उणीव माझ्या शिकवण्याची होती. कितीतरी वर्षे मी हा धडा ठरलेल्या क्रमानेच शिकवत आले: एककाचा अंक पाचपेक्षा लहान असेल तर खालचे दशक, पाच किंवा मोठा असेल तर वरचे दशक, मग दहा उदाहरणे, मग चाचणी. मुले नियम पाठ करीत, गुण मिळवीत, आणि 'अंदाजे उत्तर सांगा' असा प्रश्न आला की आधी नेमके उत्तर काढून त्याची जवळची दशक संख्या लिहून मोकळी होत. म्हणजे अंदाजाचे सोंग व्हायचे आणि ज्यासाठी अंदाज शिकायचा ते काम बाजूलाच राहायचे.

आता माझ्या वर्गात प्रत्येक गुणाकार-भागाकाराच्या डावीकडे समासात अदमास लिहायचा असतो, आणि तो पेनाने लिहायचा असतो. उदाहरण पेन्सिलीने सोडवायचे. पेनाने लिहिलेला अदमास नंतर उत्तराशी जुळवून घेता येत नाही, एवढ्याचसाठी हा नियम आहे. पहिले काही आठवडे मुलांना ते फार जड गेले, कारण शाईने लिहिलेले चुकले तर काय, ही भीती त्यांच्या मनात खोल बसलेली असते. अदमास चुकीचा नसतो, तो जवळचा किंवा लांबचा असतो, हे मला पुन्हा पुन्हा सांगावे लागले आणि गुण देताना ते पाळूनही दाखवावे लागले.

या शोधात मला सगळ्यात मोठी मदत आपल्या मराठीनेच केली. एक आणि ऊन, म्हणजे एकाने कमी, यांतून एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही नावे झाली आहेत. एकोणपन्नास म्हणताना आपण चाळीस आणि नऊ म्हणतच नाही, पन्नासला एक उणा असे म्हणतो. संख्येच्या नावातच जवळचे दशक सांगितलेले आहे! १९ पासून ८९ पर्यंत ही रीत चालते आणि नव्याण्णवला मात्र मोडते, हेही मुलांनी स्वतः शोधून काढले, आणि मग नव्याण्णवला 'एकोणशंभर' का म्हणत नाहीत यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धती आली तेव्हा जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या मुलांचा विचार त्यामागे होता आणि ती अडचण खरी आहे, हे मी रोज पाहते. तरीही 'वीस नऊ' म्हटल्यावर तीस जवळ आल्याची चाहूल लागत नाही, आणि ती 'एकोणतीस'मध्ये लागते, असे मला मनापासून वाटते.

याहून मोठा ठेवा सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच आणि साडे यांचा आहे. शंभर आणि दोनशे यांच्यामध्ये पुस्तक एकही थांबा देत नाही, परंतु घरात मुलाच्या कानावर सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे असे तीन थांबे सतत पडत असतात. १६८ ही संख्या पुस्तकाप्रमाणे जवळच्या शतकात दोनशे होते आणि बत्तीसने चुकते. आजी तिला पावणेदोनशे म्हणते आणि सातानेच चुकते. शिवाय 'पन्नासेक माणसे', 'दहा-बारा दिवस', 'शंभराच्या आतबाहेर' हे शब्दप्रयोग मुले न शिकवता वापरतात. मी फळ्यावर त्यांचा एक कोपराच करून ठेवला आहे. पन्नासेक म्हणजे किती ते किती, असे विचारले तर बहुतेक मुले पंचेचाळीस ते पंचावन्न असे सांगतात. पुस्तकातला नियम त्यांच्या बोलण्यात आधीपासून असतोच.

तो नियम नीट समजावा म्हणून मी वर्गात सुंभाची दोरी बांधते. एका टोकाला ४०, दुसऱ्या टोकाला ५०, आणि मुलांनी कपड्यांच्या चिमट्यांनी मधल्या संख्या लावायच्या. सत्तेचाळीस कुणीकडे झुकतो हे डोळ्यांना दिसते, तिथे नियम लागत नाही. अडचण येते ती पंचेचाळीसशी, कारण तो बरोबर मध्ये असतो आणि दोन्ही टोके त्याला सारखीच लांब असतात. अशा वेळी वर जायचे हा आपण सर्वांनी मिळून केलेला संकेत आहे, तो निसर्गाचा नियम नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. संगणक शिकणाऱ्या माझ्या मुलाने मला दाखवले की पायथन या भाषेत २.५ ही संख्या २ होते आणि ३.५ ही ४ होते, कारण तिथे मधोमध आलेली संख्या सम अंकाकडे नेण्याचा संकेत आहे, म्हणजे सगळ्या मधल्या संख्या वरच ढकलल्यामुळे मोठ्या बेरजेत येणारा फुगवटा टळतो. चौथीतल्या मुलांना एवढे सांगण्याची गरज नाही, पण शिक्षकाला ते ठाऊक असावे. दोरीचा आणखी एक उपयोग असा की १,४४६ आधी १,४५० करून मग १,५०० करणारी मुले तिथे लगेच सावरतात. दोरीवर १,४४६ मधल्या खुणेच्या अलीकडे असतो आणि जवळचे शतक १,४०० हेच असते.

दोरीवर न दिसणारी गोष्ट मला एका मुलीने शिकवली. तिला आईने वाड्यावरच्या दुकानात रवा, साबण, मीठ, चहापूड आणि काडेपेट्यांचे पाकीट आणायला पाठवले होते. किमती होत्या ३३, ४२, २४, ६१ आणि १४ रुपये. शाळेत शिकवल्याप्रमाणे तिने ३०, ४०, २०, ६० आणि १० मिळवून १६० म्हटले, आईने हाताशी दहा जास्त असावेत म्हणून १७० रुपये दिले, आणि बिल झाले १७४. काडेपेट्या दुकानातच ठेवून ती परत आली. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सांगितले, "बाई, मी सगळे बरोबर केले होते." आणि तिने खरोखरच सगळे बरोबर केले होते. पाचही किमती खालच्या दशकाकडे गेल्या आणि पाचही चुका एकाच बाजूला साठल्या. मी त्यांना जवळची दशके शिकवली होती, पण पैसे घेऊन जाताना सगळे वरच्या दशकात न्यायचे असते हे शिकवले नव्हते. वर नेले असते तर ४०, ५०, ३०, ७० आणि २० मिळून २१० झाले असते, आणि ती निर्धास्तपणे गेली असती.

तेव्हापासून 'किती?' याआधी 'कशासाठी?' हा प्रश्न मी विचारते. मये तलावावर १३० मुलांची सहल न्यायची आणि एका बसमध्ये ४० मुले बसतात. भागाकार सव्वातीन येतो, जवळची संख्या तीन आहे, पण तीन बस मागवल्या तर दहा मुले शाळेच्या फाटकातच राहतील. याउलट शंभर रुपयांत तीस रुपयांच्या किती वह्या येतात याचे उत्तर खालीच न्यावे लागते. बातमीसाठी सांगायचे असेल तर मात्र जवळची संख्याच शोभते: २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ आहे, ती साडेचौदा लाख म्हटली की ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहते. आपल्याकडे पोर्तुगीज राजवट साडेचारशे वर्षे होती असे सर्रास म्हणतात. १५१० ते १९६१ ही ४५१ वर्षे असल्यामुळे तिसवाडी तालुक्यापुरते ते अगदी चोख आहे. आमच्या पेडण्यात ती राजवट १७८८ मध्ये आली. मुलांनी १९६० मधून १७९० वजा करून १७० असा अदमास समासात लिहिला, नेमके उत्तर १७३ काढले, आणि एकीने त्यापुढे न सांगता 'पावणेदोनशे' असे लिहिले.

अदमास आणि ठोकून दिलेला आकडा यांतला फरक मात्र मुलांना वर्गात पटेना. काचेच्या बरणीतले चिंचोके दाखवून किती म्हणून विचारले की कुणी हजार म्हणे, कुणी लाख. म्हणून मी शाळेलगतच्या एका विद्यार्थ्याच्या बागेत, माडांवरून नारळ पाडून झाले त्या दिवशी, वर्ग घेऊन गेले. त्याचा आजो ओसरीवर बसला होता. नारळांच्या ढिगाकडे त्याने फारसे पाहिलेही नाही. तो माडांकडे पाहत बोलला. अठरा माड आहेत, ते वीस धरा. एका माडाला डझनभर धरले तर दोनशे चाळीस. दोन माड जास्त धरले होते, त्यांचे चोवीस वजा केले की दोनशे सोळा राहतात. पण चार-पाच माड चांगले धरतात, तेव्हा सव्वादोनशेच्या वर आणि अडीचशेच्या आत. विसाला जाऊन परत अठराला यायचे त्याने विसरले नाही, आणि एक आकडा न देता दोन आकड्यांच्या मध्ये उत्तर ठेवले. हे दोन्ही मी मुलांकडून तिथेच मोठ्याने म्हणून घेतले.

मग मुलांनी पाच-पाचचे गट करून नारळ मोजले. सव्वादोनशे ओलांडल्यावर आवाज वाढले, दोनशे अडतीसला ढीग संपला. इतक्यात कुंपणापाशी गडगडत गेलेला एक नारळ घेऊन तो १४४ वाला मुलगा धावत आला आणि ओसरीकडे पाहून ओरडला, "दोनशे एकोणचाळीस! दोनशे चाळीसला एक कमी!"