तिसरं बटण

गाडीतल्या रेडिओला सहा बटणं आहेत, त्यातलं तिसरं माझं. बाकीच्या पाचांवर काय लावून ठेवलंय, ते कुणी लावलं, मला धड सांगता येणार नाही. तिसऱ्यावर मात्र रात्री उशिरा एक निवेदक येत. गाण्याआधी दोनच वाक्यं बोलत आणि गाणं संपलं की क्षणभर काहीच बोलत नसत. तो थांबा मला फार आवडायचा. रेडिओच्या धंद्यात शांततेला ‘डेड एअर’ म्हणतात आणि घरात गॅसचा वास यावा तसे सगळे तिला घाबरतात. हे गृहस्थ घाबरत नसत.

एका सोमवारी सकाळी तिसरं बटण दाबलं तर भलतंच गाणं चालू होतं. ते संपलं आणि पुन्हा तेच लागलं. मग पुन्हा तेच. मला वाटलं, यंत्र अडकलं असेल, कुणीतरी येऊन टपली मारेल. संध्याकाळी परतताना पाहते तर अजून तेच! दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवं नाव, नवी जिंगल आणि दोन वाक्यांत तीनदा स्टेशनचं नाव घेणारा एक उतावळा आवाज.

यंत्र अडकलेलं नव्हतं, ही रीतच आहे, हे मला पुढे कळलं. स्टेशन फॉर्मॅट बदलतं तेव्हा जुन्या श्रोत्यांनी निघून जावं आणि नव्यांनी कान टवकारावेत म्हणून मधले काही तास, कधी काही दिवस, असला तमाशा करतात. त्याला ‘स्टंटिंग’ म्हणतात. एकच गाणं शेकडो वेळा, नाहीतर घड्याळाची टिकटिक, नाहीतर उलटी मोजणी. पाहुणे उठत नाहीत म्हणून यजमानाने एकेक दिवा मालवत जावं, तशातला प्रकार. निवेदकांना बहुधा निरोपही घेऊ देत नाहीत. मला ते फार लागलं; पण ज्याची नोकरी आत्ताच गेलीय त्याच्यापुढे चालू माइक ठेवायला कुठला मालक धजावेल, हेही खरंच.

फॉर्मॅट म्हणजे स्टेशन कुठली गाणी लावणार एवढंच मी समजत होते. खरं तर कुठली गाणी काही झालं तरी लावणार नाही, याची ती यादी असते. सगळा कारभार एका वर्तुळावर चालतो. कागदावर तासाचं घड्याळ काढायचं आणि त्याच्या फोडी करायच्या: इथे सध्याचं सगळ्यात चालणारं गाणं, इथे सहा महिन्यांपूर्वीचं, इथे एखादं जुनं हमखास, इथे जाहिराती. चलतीचं गाणं दोन-तीन तासांनी फिरून येतं ते योगायोगाने येत नाही, त्याची फोड आली म्हणून येतं. जाहिरातींच्या जागेतही मेख आहे. अमेरिकेतल्या मोजणीत वर्षानुवर्षं पाव तासापैकी पाच मिनिटं ऐकलंत की अख्खा पाव तास स्टेशनच्या खात्यावर जमा व्हायचा; २०२५ पासून मोठ्या शहरांत तीन मिनिटंही पुरतात. म्हणून जाहिराती अशा बेताने बसवतात की पाव तासाच्या हद्दीवर तुम्ही गाण्यात गुंतलेले असाल आणि एका दगडात दोन पाव तास पडतील. आपल्याला वाटतं आपण गाणं ऐकतोय. तिकडे कुणीतरी मिनिटं वेचत असतं.

या सगळ्याचं मूळ नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात सांगतात. टॉड स्टॉर्झ नावाच्या तरुणाने वडिलांबरोबर १९४९ मध्ये तिथलं एक छोटं स्टेशन विकत घेतलं. त्या काळी रेडिओवर सगळ्यांसाठी सगळं असे: नाटक, प्रवचन, बाजारभाव, वाद्यवृंद. स्टॉर्झबद्दलची आख्यायिका अशी, की एका उपाहारगृहात बसून तो ज्यूकबॉक्सकडे बघत होता. गिऱ्हाइकं नाणी टाकून दिवसभर तीच ती चार गाणी लावत होती. रात्र झाली, गिऱ्हाइकं गेली, जेवण वाढणारी मुलगी खुर्च्या उचलायला लागली. दिवसभर तीच गाणी ऐकून तिचे कान किटले असणार. पण तिने खिशातून स्वतःचं नाणं काढलं, पेटीत टाकलं आणि तेच गाणं पुन्हा लावलं.

गोष्ट अगदी अशीच घडली का, यावर जाणकार भांडतात. जागा बदलते, साल बदलतं, मुलीच्या जागी मुली येतात. मला त्याचं काही नाही. त्या नाण्यावर माझा विश्वास आहे. लोकांना विचारलं तर म्हणतील, रोज नवीन काहीतरी ऐकवा; खिशात हात घालायला सांगितलं की तेच गाणं लावतील. स्टॉर्झने खिशाचं ऐकलं. थोडी गाणी, पुन्हा पुन्हा. सगळ्यात चालणारी चाळीसएक गाणीच फिरवत राहायच्या ‘टॉप फॉर्टी’ पद्धतीची घडी बसवणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या ओळीत घेतात. १९६४ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो गेला.

पुढे निवेदकाची आवड हळूहळू बाजूला सरली. १९५९-६० मध्ये अमेरिकेत लाच घेऊन गाणी वाजवण्याचं प्रकरण गाजलं, संसदेत चौकशी झाली, आणि मालकांनी गाणी निवडण्याचं काम निवेदकांच्या हातून काढून घेतलं. (प्रामाणिक होते त्यांच्याही.) मग चाचण्या आल्या. फोनवर किंवा सभागृहात लोकांना गाण्याचे सात-आठ सेकंदांचे तुकडे ऐकवायचे आणि विचारायचं: ओळखीचं आहे? आवडतं? कंटाळा आलाय? सावकाश उलगडणारी गाणी या परीक्षेत बसायच्या आधीच नापास. १९७९ पासून गाण्यांचा क्रम लावणारं सॉफ्टवेअर विकणारी कंपनीही निघाली. एका गायकाची दोन गाणी लागोपाठ नकोत, कालचं गाणं आज त्याच वेळी नको, हे सगळं संगणक बघू लागला. आता निवेदकही पुष्कळदा तिथे नसतो. चार तासांच्या कार्यक्रमातली त्याची वाक्यं अर्ध्या तासात आधीच ध्वनिमुद्रित झालेली असतात. पाऊस पडतोय का, हे त्याला खिडकीतून दिसायचा प्रश्नच नाही.

पण माझं बटण गेलं त्याला संगणक जबाबदार नाही. त्याचं खरं कारण मला एका वहीत सापडलं.

कोण काय ऐकतं हे मोजायला अमेरिकेत वर्षानुवर्षं वही वापरत. निवडलेल्या माणसाने आठवडाभर त्यात लिहायचं: अमुक ते अमुक, अमुक स्टेशन. माणसं काय लिहिणार? जे ऐकलं ते थोडं, जे आवडतं ते जास्त. शनिवारी बसून आठवड्याचं सगळं एकदम भरणारेही असणारच; शाळेत निसर्गनिरीक्षणाची वही मीही तशीच भरली आहे. २००७ पासून मोठ्या शहरांत वही जाऊन कमरेला लावायचा एक छोटा मीटर आला. स्टेशनच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर टिपतो. तुम्हाला काय आवडतं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तुमच्या आसपास काय वाजत होतं, तेवढंच तो लिहितो. पुढच्या काही वर्षांत अनेक शहरांतली स्मूथ जॅझ या संथ, मुलायम संगीताची स्टेशनं बंद पडली, आणि धंद्यातली मंडळी त्यासाठी या मीटरकडे बोट दाखवतात. वहीत ज्याचं नाव प्रेमाने लिहिलं जायचं, ते मीटरला तितकं ऐकूच आलं नाही.

हे वाचलं त्या दिवशी मी दादाला फोन केला. स्टेशन गेल्याचं दुःख त्याला आधीच दोनदा सांगून झालं होतं.

“अगं पण तू ते शेवटचं ऐकलंस कधी?” त्याने विचारलं.

“म्हणजे काय? माझं तिसरं बटण आहे ते!”

“बटण आहे, ते कळलं. ऐकलंस कधी?”

मी हिशोब केला. आठवड्यातून दोनदा, घरी परतताना, सिग्नल लागले तर दहा मिनिटं. बाकी वेळ फोनवर माझी माझी गाणी. वहीत मी नक्कीच ‘रोज रात्री’ लिहिलं असतं. कमरेला मीटर असता तर त्याने आठवड्याचे फार तर दोन-चार पाव तास जमा केले असते.

आरडाओरडा केला की स्टेशन परत येतं, असंही एकदा घडलंय. न्यूयॉर्कचं डब्ल्यूसीबीएस-एफएम १९७२ पासून जुनी गाणी लावत होतं. ३ जून २००५ ला संध्याकाळी ते अचानक ‘जॅक’ झालं. हा कॅनडातून पसरलेला फॉर्मॅट. निवेदक जवळजवळ नाहीतच, आणि ‘आम्हाला वाटेल ते लावू’ हा बाणा. (ते ‘वाटेल ते’सुद्धा यादीतूनच यायचं.) श्रोते भडकले, महापौरांनीही राग बोलून दाखवला. मुख्य म्हणजे आकडे घसरले. १२ जुलै २००७ ला दुपारी एक वाजून एक मिनिटाने स्टेशन परत आलं, कंपनांक १०१.१, म्हणून तो मुहूर्त.

पण परत आलं ते तेच नव्हतं. जुनी गाणी होती, फक्त ‘जुनी’ पुढे सरकली होती. १९५० च्या दशकातली गाणी जवळजवळ गेली, सत्तर-ऐंशीतली वाढली. जाहिरातदारांना पंचवीस ते चौपन्न वयाचे श्रोते हवे असतात, आणि स्टेशनला त्यांच्याबरोबर चालत राहावं लागतं. पंचावन्नावा वाढदिवस साजरा करणाऱ्याच्या मागून त्याची गाणी हळूच उचलून नेतात. म्हणजे ज्यांनी सगळ्यात मोठ्याने ओरडून स्टेशन परत आणलं असेल, त्यांच्यातल्याच कित्येकांची गाणी परत आली नसतील.

ते निवेदक कुठे गेले ते मी शोधलं नाही. शोधलं असतं तर सापडले असते, हेही मला माहीत आहे.

तिसरं बटण मी अजून बदललेलं नाही. त्यावर तोच उतावळा आवाज असतो, आणि दिवसातून चारदा फिरून येणारं एक गाणं. सुरुवातीला ते लागलं की मी चौथं बटण दाबायचे. काल सिग्नलला पुन्हा लागलं. हात बटणाकडे गेला होता. दुसऱ्या कडव्यात गायिका एके ठिकाणी श्वास घेते, तेवढा येऊ दे म्हणून थांबले. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा दिवा हिरवा होऊन बराच वेळ झाला होता.