तीस सेकंदांचे निवेदन

परदेशी माहितीपटांची मराठी निवेदने लिहिण्याचे काम मी गेली चौदा वर्षे करते आहे. ज्वालामुखी, पूल, महायुद्धे, अवकाशयाने असे बहुतेक सगळे विषय या काळात हाताखालून गेले. त्यांतले पुष्कळसे मी विसरलेही. पण जुलै महिन्यातला एक दिवस, अंधेरीच्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत अमेरिकेतल्या एका जुन्या गोळीबाराच्या निवेदनावर घालवलेला, आजही मिनिटामिनिटासह आठवतो.

एका वाहिनीने अमेरिकेच्या इतिहासातल्या गाजलेल्या गुन्ह्यांवरचे सहा जुने माहितीपट मराठीत आणायचे ठरवले होते. हा प्रकार नव्या पिढीला फारसा ठाऊक नाही, म्हणून थोडे सांगते. अमेरिकी दूरचित्रवाणीने अगदी आरंभीच्या काळापासून इतिहासातल्या घटना नटांकडून पुन्हा घडवून दाखवल्या. 1953 साली सीबीएस या वाहिनीवर सुरू झालेल्या 'यू आर देअर' या मालिकेत वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉंकाइट बातम्या द्याव्यात तशा गंभीरपणे शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या घटना सांगत आणि वार्ताहर जणू घटनास्थळीच हजर राहून ऐतिहासिक व्यक्तींना प्रश्न विचारत. पुढे सत्तरच्या दशकाच्या आरंभी निर्माते डेव्हिड वोल्पर यांनी आणखी एक पाऊल टाकले. लिंकनच्या हत्येच्या वेळी चलच्चित्राचा कॅमेरा अस्तित्वात असता तर जे टिपले गेले असते, तसे दृश्य त्यांच्या मालिकेने उभे केले. ते करताना रंग मुद्दाम विटलेले ठेवले, कॅमेरा मुद्दाम हलता ठेवला आणि नटांना साक्षीदार म्हणून कॅमेऱ्याकडे बघत बोलायला लावले. त्यांत फार मोठे कौशल्य होते, आणि मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे.

आमच्याकडे आलेले सहाही माहितीपट याच घराण्यातले होते. अडचण एवढीच होती की आम्हाला मिळालेल्या प्रतींमधून आरंभीची व शेवटची श्रेयनामावली कापून टाकलेली होती. कोणत्या नटाने कोणाची भूमिका केली हे सांगणारी एकमेव जागाच त्यामुळे नाहीशी झाली होती. त्यातच प्रती मूळच्या जुन्या, ओरखडे पडलेल्या. मुद्दाम आणलेले जुनेपण आणि पन्नास वर्षांत आपोआप आलेले जुनेपण एकमेकांत इतके मिसळून गेले होते की डोळ्यांना दोन्ही वेगळे करता येत नव्हते.

त्या दिवशीचा भाग टूमस्टोनचा होता. ॲरिझोना प्रांतातले हे गाव चांदीच्या खाणींमुळे 1879 साली वसले. या ओसाड भागात तुला स्वतःच्या थडग्याच्या दगडाखेरीज दुसरा दगड सापडणार नाही, असे एड शिफेलिन या खाणशोधकाला बजावले गेले होते, म्हणून त्याने आपल्या खाणीला तेच नाव दिले आणि गावालाही ते चिकटले. 26 ऑक्टोबर 1881 रोजी दुपारी तीनच्या सुमारास या गावात व्हर्जिल, वायट आणि मॉर्गन हे तीन अर्प बंधू व त्यांचा क्षयरोगी दंतवैद्य मित्र डॉक हॉलिडे हे एका बाजूला, आणि आइक व बिली हे क्लँटन बंधू, टॉम व फ्रँक हे मॅक्लॉरी बंधू आणि बिली क्लेबोर्न हे दुसऱ्या बाजूला, असे समोरासमोर आले. सुमारे तीस सेकंदांत सुमारे तीस गोळ्या सुटल्या. बिली क्लँटन आणि दोघे मॅक्लॉरी मरण पावले. आइक निःशस्त्र होता, तो पळाला, क्लेबोर्नही पळाला. व्हर्जिल, मॉर्गन आणि हॉलिडे जखमी झाले, वायटला ओरखडाही उमटला नाही.

वाहिनीने या भागाचे मराठी शीर्षक आधीच ठरवून पाठवले होते आणि त्यात 'चकमक' हा शब्द होता. मला तो पहिल्यापासून खटकत होता. आपल्याकडे, विशेषतः मुंबईत, पोलिसांची चकमक म्हटले की काय अर्थ निघतो हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्या शब्दात पोलिसांची बाजू गृहीत धरलेली असते. टूमस्टोनमध्ये तर नेमका तोच वाद होता. व्हर्जिल अर्प हा गावाचा पोलीसप्रमुख होता, गावात शस्त्र बाळगण्यास मनाई करणारा नियम होता, आणि तो शस्त्रे काढून घ्यायला गेलो होतो असे सांगत होता. मृतांच्या बाजूचे लोक याला सरळ खून म्हणत होते. त्यांनी तिन्ही मृतदेह एका दुकानाच्या दर्शनी खिडकीत ठेवून, टूमस्टोनच्या रस्त्यात यांचे खून झाले अशा अर्थाची पाटी लावली होती. न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यापुढे सुमारे महिनाभर सुनावणी चालली आणि अखेर त्यांनी, हॉलिडेला व वायटला बरोबर नेण्यात व्हर्जिलने अविचार केला असा ठपका ठेवून, खटला उभा राहण्याइतका पुरावा नाही असा निर्णय दिला. त्यामुळे मी संहितेत सर्वत्र 'गोळीबार' लिहिले. गोळीबार कोणीही केलेला असू शकतो.

सकाळी दहाला मुद्रण सुरू झाले. निवेदक होते आमचे अण्णा. रंगभूमीवर चाळीस वर्षे काढलेला हा माणूस स्वल्पविरामसुद्धा ऐकू येईल असे वाचतो. जुन्या प्रतींना संगीत आणि ध्वनिपरिणामांचा स्वतंत्र ट्रॅक नसल्याने मूळ इंग्रजी आवाज खाली घेऊन त्यावर मराठी आवाज चढवायचा होता, आणि त्यासाठी प्रत्येक वाक्य टाइमकोडमध्ये, म्हणजे दृश्याच्या ठरलेल्या वेळेत, अचूक बसायला हवे होते. पहिली वीस मिनिटे सुरळीत गेली. मग पडद्यावर त्या परगण्याचा मुख्य पोलीस अधिकारी, शेरीफ जॉन बेहन आला आणि कॅमेऱ्याकडे बघत, आपण अर्प बंधूंना रस्त्यातच अडवण्याचा कसा प्रयत्न केला ते सांगू लागला. वाहिनीच्या सूचनेनुसार त्याच्या चेहऱ्याखाली 'जॉन बेहन, शेरीफ, प्रत्यक्षदर्शी' अशी पट्टी यायची होती. ध्वनिमुद्रक मुलगा काचेपलीकडून तो चेहरा एकटक बघत होता. टेक संपल्यावर त्याने टॉकबॅकवर, म्हणजे काचेपलीकडून बोलायच्या माइकवर, विचारले, "ताई, एवढी जुनी फिल्म टिकली कशी? आणि शेरीफ स्वतः बोललाय त्यात!"

हा मुलगा अभियांत्रिकी शिकलेला, कामात अतिशय चोख. त्याने वाचनात कसूर केली असे नव्हते. समोरच्या चित्राने जे सांगितले ते त्याने ऐकले, आणि पट्टीने त्यावर शिक्का मारला. ती पट्टी मी स्वतःच मराठीत लिहून दिली होती. मी त्याला सांगितले की ल्यूमिए बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून चित्रपट दाखवले ते 1895 च्या डिसेंबरात, आणि आपल्या मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये पहिला खेळ झाला तो 7 जुलै 1896 रोजी. टूमस्टोनचा गोळीबार त्याच्या चौदा-पंधरा वर्षे आधीचा. तो काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मघापासून मी नट बघतोय." त्याच्या आवाजातली फसवले गेल्याची भावना मला अजून ऐकू येते. मी दिग्दर्शिकेला मुद्रण थांबवायची विनंती केली.

वाहिनीच्या अधिकाऱ्यांशी झालेल्या फोनवरच्या बोलण्यात त्यांचे म्हणणे असे होते की प्रेक्षकांना हे कळते. मी त्यांना आमच्या ध्वनिमुद्रकाचे उदाहरण दिले. निर्णय संध्याकाळपर्यंत कळवतो, असे त्यांनी सांगितले. दिग्दर्शिकेचा मुद्दा वेगळा आणि अधिक वजनदार होता. ती म्हणाली, "आपण भाषांतर करतो, दुरुस्ती नाही. मूळ निवेदक जे म्हणाला ते बदलायचा अधिकार तुला नाही." मला ते पूर्णपणे मान्य होते आणि आहे. परंतु पट्टी मूळ माहितीपटात नव्हतीच. ती आपण घालत होतो. मूळ कलाकृतीने न केलेला दावा तिच्या तोंडी घालणे हे भाषांतर नव्हे, एवढेच माझे म्हणणे होते.

जेवणाच्या सुट्टीत अण्णांनी संहिता पुढे ओढली आणि विचारले, "अगं, ही जागा नक्की केवढी होती?" पडद्यावर घोड्यांचे मोठे मैदान दिसत होते, धूळ उडत होती, आणि माणसे पंचवीस-तीस पावलांवरून एकमेकांवर नेम धरत होती. 'ओके कोरालचा गोळीबार' या नावाने तो गाजला, पण प्रत्यक्षात तो ओके कोराल या तबेल्यात झालाच नाही. त्या तबेल्याच्या मागच्या दारापासून काही घरे पुढे, फ्रीमाँट रस्त्यालगत, दोन इमारतींच्या मधल्या एका रिकाम्या बोळवजा जागेत तो झाला, आणि ती जागा पंधरा ते वीस फूट रुंद होती. आम्ही सुताराकडून टेप मागवून स्टुडिओची मधली खोली मोजली. ती अठरा फूट भरली. मग अण्णा एका भिंतीशी उभे राहिले, समोर आम्ही पाच खुर्च्या मांडल्या, दोन घोड्यांच्या जागी माइकचे दोन स्टँड ठेवले, आणि दिग्दर्शिका, ध्वनिमुद्रक व मी अण्णांच्या शेजारी उभे राहिलो. समोरच्या खुर्चीची पाठ हाताला लागेल इतकी जवळ होती. नऊ माणसे, दोन घोडे आणि तीस गोळ्या एवढ्याशा जागेत. अण्णांनी कोपऱ्यातली आपली छत्री हातात घेतली, कारण मी त्यांना सांगितले होते की व्हर्जिलने बंदूक हॉलिडेच्या कोटाखाली दिली होती आणि स्वतःच्या उजव्या हातात हॉलिडेची काठी घेतली होती. माहितीपटातला व्हर्जिल मात्र पिस्तूल उगारूनच चालत येत होता. अण्णा छत्री उंचावून, आवाज न चढवता म्हणाले, "हात वर करा, मला तुमची शस्त्रे हवी आहेत." आणि लगेच, व्हर्जिलच्या साक्षीत आहे तसे, "थांबा! माझा तसा हेतू नाही." खोलीत कोणी हलले नाही.

दुपारनंतर खुद्द गोळीबाराचे दृश्य आले. ध्वनिमुद्रकाने उत्सुकतेने ध्वनिलहरींवरची टोके मोजली. एकाहत्तर गोळ्या भरल्या, आणि प्रसंग दोन मिनिटे चाळीस सेकंद चालला. इथे मूळ निवेदक ठामपणे सांगतो की पहिली गोळी बिली क्लँटनने झाडली. न्यायालयातल्या साक्षींत मात्र एकमत नाही. वायटने लेखी निवेदन वाचून दाखवले, त्यात पहिल्या दोन गोळ्या बिली क्लँटनच्या आणि आपल्या, आणि त्या जवळजवळ एकदमच सुटल्या, असे म्हटले आहे. बेहनने सांगितले की पहिली गोळी निकेलचा मुलामा असलेल्या पिस्तुलातून सुटली, आणि ते पिस्तूल हॉलिडेचे होते असे त्याला सुचवायचे होते. मराठीत यासाठी 'म्हणे' हा एक फार मोलाचा शब्द आहे. 'पहिली गोळी क्लँटनने झाडली म्हणे' असे लिहिले असते तर वाक्य फक्त एका शब्दाने वाढले असते आणि सगळी शंका आपोआप आली असती. मी तो शब्द पेन्सिलीने लिहिला, बराच वेळ त्याच्याकडे बघितले आणि खोडला. मूळ निवेदकाच्या मनात शंका नव्हती. ती मी त्याच्या आवाजात घालणे म्हणजे दिग्दर्शिकेचा आक्षेप खरा करणे होते. वाक्य जसेच्या तसे राहिले, आणि अण्णांनी ते तितक्याच ठामपणे वाचले.

उरलेल्या भागांपैकी जॉन डिलिंजर या बँक लुटारूच्या भागाची काळजी मला तेव्हापासूनच लागली होती. 22 जुलै 1934 रोजी शिकागोच्या बायोग्राफ चित्रपटगृहाबाहेर त्याला गोळ्या घालण्यात आल्या, त्या काळात वृत्तपटांचे कॅमेरे होते आणि नंतर जमलेल्या गर्दीचे खरे चित्रण उपलब्धही आहे. गोळ्या घालतानाचा क्षण मात्र कोणीही चित्रित केलेला नाही. माहितीपटात खरी गर्दी आणि नटांचा मृत्यू एकामागोमाग जोडलेले होते, तेही मध्ये सांधा न दिसू देता. तिथे 1895 चा दाखला देऊन कोणाची समजूत घालता आली नसती.

संध्याकाळी साडेसहाला वाहिनीचा निरोप आला. 'प्रत्यक्षदर्शी' हा शब्द सर्व पट्ट्यांमधून काढायला, आणि प्रत्येक भागाच्या आरंभी 'यातील दृश्ये अभिनेत्यांनी साकारलेली आहेत' अशी ओळ सहा सेकंद दाखवायला त्यांची संमती होती. गोळीबाराच्या दृश्यावर ती ओळ पुन्हा दाखवायला त्यांनी नकार दिला. शीर्षकातला 'चकमक' हा शब्दही राहिला, कारण जाहिराती छापून झाल्या होत्या. त्याचे मला आजही वाईट वाटते.

मी आणखी एक गोष्ट मागितली होती. गोळीबार थांबल्यावर कॅमेरा त्या रिकाम्या जागेवरून सावकाश फिरतो आणि नऊ सेकंद निवेदन नाही. ही जागा ज्या इमारतीला लागून होती, तिथे कॅमिलस फ्लाय या छायाचित्रकाराचे घर आणि स्टुडिओ होता. गोळीबारानंतर तो बाहेर आला आणि मरणोन्मुख बिली क्लँटनच्या हातातले पिस्तूल त्याने काढून घेतले. मृतांचे शवपेट्यांमधले छायाचित्र आज उपलब्ध आहे, पण त्या तीस सेकंदांचे एकही नाही. एवढी एक माहिती त्या नऊ सेकंदांत सांगू द्यावी, असे मी लिहिले होते. निरोपाच्या शेवटी उत्तर होते, "वेळेत बसत असेल तर हरकत नाही."

ध्वनिमुद्रकाने दृश्य पुन्हा लावले. पहिल्या टेकला वाक्य साडेदहा सेकंद झाले, दुसऱ्याला दहा. मी दोन शब्द कमी केले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि अण्णांची शेवटची लोकल निघायला अजून पुष्कळ वेळ होता, तरी त्यांनी घड्याळाकडे न बघता चष्मा पुसला, कागद दिव्याखाली धरला आणि क्यू मिळताच वाचले, "शेजारीच फ्लायचा फोटो स्टुडिओ होता. त्या क्षणांचे छायाचित्र मात्र कोणीही घेतले नाही."

आठ सेकंद आणि काही फ्रेम्स. ध्वनिमुद्रकाने काचेआडून अंगठा उंचावला, आणि उरलेले अर्धे-पाऊण सेकंद आम्ही तसेच शांत ठेवले.