अवयव माहीत नाही, मग संख्या संयुक्त कशावरून?

‘एवढी मोठी संख्या संयुक्त आहे म्हणता, मग तिचा एक तरी अवयव दाखवा की!’ हे वारंवार ऐकू येतं. शंका रास्त आहे. शाळेत आपण आधी भाग देऊन पाहतो, भाग गेला की संख्या संयुक्त ठरते. मोठ्या संख्यांत ही दोन कामं वेगळी पडतात, आणि संख्या संयुक्त ठरवणं हे तिचा अवयव शोधण्यापेक्षा फारच सोपं असतं.

२ चा ६७वा घात वजा १ घ्या: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. फ्रेंच गणिती मर्सेननं १६४४ मध्ये ही मूळ मानली होती. ल्यूकास या गणितज्ञानं १८७६ मध्ये एका कसोटीनं ती संयुक्त ठरवली, तीही एकही अवयव हाती नसताना. अवयव कोल या गणितज्ञानं १९०३ मध्ये दाखवले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मध्ये २७ वर्षं गेली.

ल्यूकासची कसोटी पुढे लेमर या गणितज्ञानं सुटसुटीत केली. ती २ चा ११वा घात वजा १, म्हणजे २०४७ वर हातानं करून पाहा. ४ पासून सुरुवात करा. प्रत्येक वेळी वर्ग करा, २ वजा करा, २०४७ ने भागून फक्त बाकी ठेवा. घातांकाहून दोन कमी, म्हणजे ९ वेळा. १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. संख्या मूळ असती तर शेवटी शून्यच यायला हवं होतं. १७३६ आलं, म्हणजे संयुक्त. पण २०४७ चे अवयव २३ आणि ८९ यांचा या आकड्यांत मागमूस नाही! ६७ साठी अशा ६५ पायऱ्या लागतात. बाकी दर पायरीला काढायची. ते राहिलं तर अंकांची संख्या प्रत्येक वेळी जवळपास दुप्पट होते आणि दहा-बारा पायऱ्यांतच कागद संपतो.

खरी गोम चुकीत आहे. एका पायरीत एक अंक चुकला तरी शेवटी शून्येतर काहीतरी येतंच, आणि ते अगदी खऱ्या उत्तरासारखं दिसतं. संगणकाच्या मेमरीतला एक बिट उलटला तरी तेच. त्यामुळे ‘संयुक्त’ हा निकाल एकदाच काढून विश्वास ठेवण्याजोगा नसतो. दुसऱ्या यंत्रावर पुन्हा चालवून शेवटची बाकी जुळते का ते पाहावं लागतं.

ल्यूकास-लेमरची ही कसोटी फक्त मर्सेनच्या संख्यांना, म्हणजे ‘२ चा घात वजा १’ अशा संख्यांना चालते. इतर विषम संख्यांसाठी फर्मा या गणितज्ञाची कसोटी: २ चा, संख्येहून एक कमी इतका घात करा आणि त्या संख्येनं भागा. बाकी १ नसेल तर संयुक्त. ९१ ला बाकी ६४ येते, निकाल लागला. मात्र २ ऐवजी ३ घेतलात तर त्याच ९१ ला बाकी १ येते. म्हणून १ आलं की लगेच ‘मूळ’ म्हणू नये, आधार, म्हणजे जिचा घात करतो ती संख्या, बदलून पाहावं. ५६१ तर त्यातही फसवते: ३, ११, १७ यांनी भाग न जाणारा कोणताही आधार घ्या, बाकी १ च.

आता अवयव शोधणं. २ चा ६७वा घात वजा १ चा कोणताही अवयव १३४ च्या पटीत १ मिळवून होतो, शिवाय ८ ने भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ७ असते. एवढी चाळण लावूनही १९३७०७७२१ पर्यंत पोचायला ७,२२,७९० उमेदवार उरतात. त्यातले संयुक्त वगळले तरी हातानं भागाकार करत बसणाऱ्याचं अवघडच. आजच्या संगणकाला हे किरकोळ आहे, पण लहान अवयव नसलेली शेकडो अंकी संख्या त्यालाही दाद देत नाही. २ चा १२७७वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त आहे हे पक्कं ठाऊक आहे. तिचा एकही अवयव अजून सापडलेला नाही.