वाघ्याबद्दल नाशिककरांना पडलेले प्रश्न

सुट्टीत नाशिकला आले की पूर्वी लोक विचारायचे, "परत कधी निघणार?" आता विचारतात, "कुत्रा कुणाकडे ठेवलायस?" नवरा आणि लेक मेलबर्नलाच आहेत, वाघ्या त्यांच्याकडे मजेत आहे, एवढं सांगून सुटका होत नाही. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतल्या बाकावर मग तासभर तरी बैठक होते. शेजारच्या काकूंचा प्रश्न सगळ्यात रोखठोक होता: "इतके पैसे खर्चून तिकडचा म्हातारा कुत्रा घरी आणला, त्यापेक्षा आपल्या गल्लीतले काय वाईट आहेत?"

वाघ्या हा शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड, म्हणजे पळण्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या लांब पायांच्या, सडपातळ जातीचा कुत्रा. आम्ही त्याला दत्तक घेतला. पहिलं म्हणजे तो म्हातारा नाही. आमच्याकडे आला तेव्हा चार वर्षांचा होता. ग्रेहाउंड बारा वर्षांच्या आसपास सहज जगतो, पण शर्यतीतलं त्याचं आयुष्य दीड-दोन वर्षांचा असताना सुरू होतं आणि चार-पाच वर्षांचा होईपर्यंत संपतं. म्हणजे निवृत्तीनंतरचा काळ नोकरीपेक्षा मोठा.

आम्ही राहतो त्या व्हिक्टोरिया राज्यात कुत्र्यांच्या शर्यती कायदेशीर आहेत आणि त्यांच्यावर सट्टाही कायदेशीर आहे. आठ खोक्यांत आठ कुत्री, प्रत्येकाच्या अंगावर क्रमांकाच्या रंगाची झूल: एक नंबर लाल, चार निळा, आठ गुलाबी. तोंडाला सगळ्यांच्याच मुसकं. समोरून विजेवर पळणारा खोटा ससा सुटतो, दारं उघडतात, आणि सँडाउन पार्कचं ५१५ मीटर अंतर चांगला कुत्रा तीस सेकंदांच्या आत कापतो. वेग ताशी ७० किलोमीटरपर्यंत जातो. ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने या यांत्रिक सशावर १९१९ साली कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला ट्रॅक उघडला. १९२६ मध्ये हा खेळ मँचेस्टरला पोचला आणि १९२७ मध्ये सिडनीला. तेव्हापासून तो ससा कुठल्याच कुत्र्याला मिळालेला नाही.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी मोघम देत नाही, कारण प्रश्न बरोबर आहे. आमच्या गल्लीतला काळू रविवार कारंजावरची वाहतूक बघून रस्ता ओलांडेल, कोणत्या दुकानाच्या पायरीवर बसलं की हाकलत नाहीत हे त्याला पाठ आहे, जिना, आरसा, फटाके, बँड, लग्नाची वरात, सगळं बघून झालंय. तो कुणाच्याही घरात दोन दिवसांत रुळेल. वाघ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो जन्मल्यापासून कुत्र्यांच्या वसाहतीत वाढला. त्याचा एक गाळा, ठरलेल्या वेळी बाहेर काढणं, ठरलेल्या वेळी खाणं, ठरलेल्या वेळी व्यायाम. माणसं भरपूर पाहिलेली, पण घर पाहिलेलं नाही.

त्यामुळे दत्तक संस्थेने त्याला आमच्या हवाली केला तेव्हा सांगितलं, याला काही शिकवायला जाऊ नका, आधी घर म्हणजे काय ते कळू द्या. मला ते तेव्हा ऐकायला गोड वाटलं. त्याचा खरा अर्थ बाबांना कळला.

आई-बाबा त्या वेळी आमच्याकडे होते. तिकडचा हिवाळा होता, म्हणजे आपला आषाढ-श्रावण. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर कितीतरी महिने ते पाळीच्या वेळेला उठून तयार होऊन बसायचे आणि दुपारी डब्याच्या वेळी, भूक असो नसो, ताटावर यायचे. वाघ्या पहाटे उठून दारापाशी उभा राहून थरथरायला लागला तेव्हा मी घाबरले, नवरा डॉक्टरांचा नंबर शोधायला लागला. बाबा म्हणाले, "काही झालं नाहीये. ड्यूटीची वेळ झालीय त्याची." त्यांनी शाल गुंडाळली, त्याला झूल घातली (थंडीची, शर्यतीची नव्हे) आणि दोघं अंधारात चक्कर मारून आले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा. आठवड्याभराने त्यांनी वेळ पंधरा मिनिटांनी पुढे ढकलली, मग आणखी पंधरा. कुठल्याही मार्गदर्शनाच्या कागदावर हे इतकं नीट लिहिलेलं मला सापडलं नाही: आधी त्याचं जुनं वेळापत्रक पाळा, मग हळूच बदला.

जिन्याची गोष्ट वेगळी. चढणं त्याला जमलं, उतरणं नाही. लांब पाय, खोल छाती आणि समोर एकदम रिकामी जागा. तो वर उभा राहून केविलवाणा आवाज काढायचा. उचलून आणावं तर तीस किलोंहून जास्त वजन. मग एक जण खालच्या पायरीवर आडवा उभा, एक जण मागून पट्टा धरून, आणि एकेक पाय हाताने उचलून खालच्या पायरीवर ठेवायचा, असं केलं. शेवटच्या दोनच पायऱ्यांपासून सुरुवात करायची, हे महत्त्वाचं. त्या दोन जमल्या की तीन. काचेच्या सरकत्या दारावर आईने रांगोळीचे स्टिकर लावले, आपल्या नाही, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. नाहीतर काच आहे हे त्याला कळायचं कसं? गुळगुळीत लाकडी जमिनीवर तो बर्फावर उभं असल्यासारखा चारी पाय फाकवून थिजायचा, म्हणून हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत सतरंज्यांचा रस्ता केला. महिनाभर आमचं घर मंगल कार्यालयासारखं दिसत होतं.

आवाज हा मोठा विषय. कुकरच्या पहिल्या शिट्टीला तो न्हाणीघरात जाऊन उभा राहिला. मिक्सर, फोडणीचा तडतडाट, पूजेची घंटा, यातलं काहीच त्याच्या जुन्या जगात नव्हतं. आई कुकर लावण्याआधी त्याला मागच्या अंगणात गाजर द्यायला लागली. काही दिवसांनी शिट्टी झाली की तो स्वतःच अंगणाच्या दारापाशी जाऊन गाजराची वाट बघायला लागला. गणपतीत आरतीला टाळ वाजले तेव्हा मात्र तो खोलीत निघून गेला, आणि कुणीही त्याला ओढून आणलं नाही.

आता खाण्याचं, कारण इथे नाशिककरांची सगळ्यात जास्त पंचाईत होते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले तर चालतील असं सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. एखादा कुत्रा घोसभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा थोड्याशाने जातो. द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लावर पशुवैद्यांचा संशय आहे, आणि ते चिंचेतही असतं. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणजे पिंपळगावची द्राक्षं बंद, लासलगावचा कांदा बंद, बेदाणे घातलेला शिरा बंद, चिंचगुळाची आमटी बंद. आई हे ऐकून खरोखर दुखावली. "आपल्या नाशकाचं याला काहीच चालत नाही का?" म्हणाली. बिनमिठाचा दहीभात चालतो, हे कळल्यावर तिची समजूत पटली. घरी आलेल्या पाहुण्यांना मात्र आजही दारातच सांगावं लागतं, कारण लाडाने ताटातलं काही भरवणं हा आपल्याकडे प्रेमाचा पुरावा असतो.

लेकीसाठी एकच नियम केला आणि तो मोडला की माफी नाही: वाघ्याच्या गादीवर जायचं नाही आणि तो झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही. लांबून नाव घेऊन उठवायचं. गाळ्यात एकटं झोपण्याची सवय असलेल्या कुत्र्याला झोपेत कुणी कधी स्पर्शच केलेला नसतो. दचकून तो दात दाखवू शकतो, आणि त्यात रागाचा भाग नसतो. शिवाय ग्रेहाउंड पुष्कळदा डोळे उघडे ठेवून झोपतात, त्यामुळे जागा आहे असं समजून मूल जवळ जातं. गुरगुरला तर त्याला रागवायचंही नाही. गुरगुरणं ही सूचना आहे. ती बंद केली तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल.

"बस" म्हटलं की बसत का नाही, हा सोसायटीतल्या मुलांचा प्रश्न. व्हिडिओ कॉलवर सगळे ओरडून बघतात. त्याच्या मांड्यांचे स्नायू असे आहेत की ढुंगण टेकवून बसणं त्याला अवघड जातं. तो उभा राहतो किंवा आडवा होतो, मधलं काही नाही. आम्ही "थांब" शिकवलं, त्याचाच उपयोग जास्त. पट्टाही वेगळा लागतो. डोकं मानेपेक्षा अरुंद असल्याने साधा पट्टा कानांवरून सटकतो, म्हणून ओढला की आवळला जाणारा रुंद पट्टा. व्हिक्टोरियात १ जानेवारी २०१९ पासून पाळीव ग्रेहाउंडला रस्त्यावर मुसकं सक्तीचं राहिलं नाही, पण दोरी सुटता कामा नये हा नियम कायम आहे, आणि मला तो पटतो. समोरून मांजर गेली की त्या क्षणी आपण त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतो. ७० किलोमीटर वेगाच्या जनावराला हाक मारून परत बोलावता येत नाही.

झोपेबद्दल सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. इतका पळणारा कुत्रा, म्हणजे दिवसभर पळवावा लागत असेल! तसं काही नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास, मधूनच अंगणात वेड लागल्यासारख्या चार फेऱ्या, आणि उरलेला दिवस झोप. अंगावर चरबी नाही, कोपरांची हाडं टोचतात, म्हणून जाड मऊ गादी लागते. आईने जुन्या साड्यांची गोधडी तिकडेच हाताने शिवली. सिन्नरच्या काकांनी फोटो पाहून, "हा तर आपला कारवानी, फक्त जास्त खाल्लेला," असा निकाल दिला. कारवानी म्हणजे आपल्याकडची सडपातळ शिकारी कुत्र्यांची जात. पट्टेरी रंगामुळे वाघ्या हे नाव ठेवलं, स्वभावाचा त्याच्याशी संबंध नाही.

एक प्रश्न बाबांच्या मित्रांनी विचारला आणि तो मला सोपा वाटत नाही. "बैलगाडा शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये परवानगी दिली, तिकडे कुत्र्यांच्या शर्यती चालतात, मग फरक काय?" मी शर्यतीच्या बैलांबद्दल अधिकाराने बोलू शकत नाही. पण बैल पोळ्याला पुजला जातो, त्याचा मालक त्याला ओळखतो, आणि गावात त्याच्यासाठी दुसरं काम असतं. ग्रेहाउंडच्या धंद्यात कुत्री एकाच कामासाठी पैदा होतात, ते काम काही वर्षांत संपतं, पाय मोडले तर त्याआधीच, आणि मग त्यांना घरं शोधावी लागतात. जितकी कुत्री निवृत्त होतात तितके सोफे रिकामे नसतात. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीच्या प्रदेशात ही शर्यत २०१८ पासून बंद आहे. न्यूझीलंडच्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की जुलै २०२६ च्या अखेरीस त्यांच्याकडेही ती थांबणार. आमच्या राज्यात चालू आहे. दत्तक घेणाऱ्यांमुळे या धंद्याचा चेहरा उजळतो, असं म्हणणारे लोक मला भेटतात, आणि त्यांचं म्हणणं मी खोडून काढत नाही. तरी वाघ्याला गाळ्यात ठेवून ती शर्यत बंद पडणार नव्हती.

त्याच्या कानाच्या आत गोंदलेली अक्षरं आहेत, त्यावरून त्याची प्रत्येक शर्यत शोधता येते. नवऱ्याने शोधली. बहुतेक वेळा पाचवा-सहावा. बाबांना हे कळल्यावर त्यांचा जीव त्याच्यावर जास्तच जडला.

डिसेंबरात मावशी मेलबर्नला येणार आहे. काल तिला नियम सांगत होते. दारातून आल्यावर त्याच्याकडे बघायचं नाही. वाकून डोक्यावर हात ठेवायचा नाही. खायला द्यायचं नाही. झोपला असेल तर उठवायचं नाही. मिठी तर मुळीच नाही.

"मग करायचं तरी काय?"

"सोफ्यावर बसायचं आणि चहा प्यायचा. त्याला वाटलं की तो येतो."

"ते जमेल मला," मावशी म्हणाली. "पण सोफ्यावर जागा कुठे सोडतो तो? फोटोत तर आडवा पसरलेला असतो."