माइकआधी गोधडी : घरच्या घरी स्वच्छ आवाज रेकॉर्ड करताना

घरी रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकताना पोकळ वाटलं की दोष माइकला जातो. मग पाच हजारांच्या माइकच्या जागी पंधरा हजारांचा येतो आणि तोच न्हाणीघरी आवाज आता जास्त बारकाव्यांसह ऐकू येतो. चांगला कंडेन्सर, म्हणजे बारकावे टिपणारा संवेदनशील माइक, गळा जितक्या इमानदारीने टिपतो तितक्याच इमानदारीने खोलीही टिपतो. त्यामुळे पहिले पैसे खोलीवर घालवावेत, आणि तेही फार लागत नाहीत.

आपल्याकडची नेहमीची खोली म्हणजे दहा बाय दहाची बेडरूम, प्लास्टरच्या भिंती, गुळगुळीत टाइल्स आणि एक मोठी स्लायडिंग खिडकी. मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीच्या मागे ‘टर्रर्र’ अशी पत्र्यासारखी शेपटी आली, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज ये-जा करतोय. ही शेपटी माइकमध्ये गेली की नंतर कुठल्याही प्लगइनने (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या इफेक्टने) धड निघत नाही.

आता गोधडी कुठे टांगायची? बहुतेक जण माइकच्या मागे काहीतरी लावतात, कारण आवाज तिकडे जातो असं वाटतं. पण घरात वापरले जाणारे बहुतेक माइक कार्डिऑइड असतात. ते समोरून ऐकतात आणि पाठीकडून जवळपास बहिरे असतात. माइकच्या समोर तुमचं तोंड असतं, आणि तोंडाच्या मागे तुमच्या पाठीमागची भिंत. माइक ती भिंत थेट ऐकतो. म्हणून पहिली गोधडी गाणाऱ्याच्या पाठीमागे, दुसरी जवळच्या बाजूच्या भिंतीवर, आणि माइकमागचा अर्धगोल फोम सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर.

गोधडी जाड हवी. सोलापुरी चादर एकपदरी टांगून काही होत नाही. कापसाची रजई किंवा दोन-तीन घोंगड्या एकावर एक घ्या आणि भिंतीपासून चार-पाच इंच पुढे, दोरीवर किंवा कपडे वाळवायच्या स्टँडवर टांगा. हे अंतर महत्त्वाचं आहे. भिंतीला अगदी लगत हवा हलतच नाही, त्यामुळे तिथे चिकटवलेलं कापड फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी शोषतं. तेच पुढे आणलं की आणखी खालपर्यंत काम करतं. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर दारं उघडून त्याकडे पाठ करून उभं राहा, फुकटातला उत्तम उपाय. मात्र रिकाम्या कपाटात डोकं घालून गाऊ नका. २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास डब्यातून बोलल्यासारखा घुमार येतो.

एक इंची फोमच्या चौकोनांनी सगळी खोली मढवण्याची हौसही इथेच फसते. वरची चमक फोम खातो, खालचा घुमार तसाच राहतो, आणि आवाज निस्तेज होऊनही पोकळच वाटतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याबद्दल न बोललेलं बरं. कायमची सोय करायची असेल तर ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचे ५० मिमी जाडीचे रॉकवूल (दगडी लोकरीचे) स्लॅब घ्या. लाकडी चौकटीत बसवा, सुती कापडाने चारी बाजूंनी बंद करा आणि भिंतीपासून ५० ते १०० मिमी सोडून लावा. कापताना मास्क आणि हातमोजे हवेतच, तंतू त्वचेला आणि घशाला त्रास देतात.

जमिनीवर सतरंजी, तिच्यावर पातळ गादी. माइकचा स्टँडही गादीवरच ठेवा. शेजारच्या खोलीतली पावलं आणि मिक्सरची थरथर टाइल्समधून स्टँडमध्ये चढते. उभं राहण्याची जागा खोलीच्या मधोमध नको आणि कोपऱ्यातही नको. दहा फुटांच्या खोलीत एका भिंतीपासून पावणेचार फुटांवर सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंना थोडं सरकून ऐका.

अंतराचं गणित सोपं आहे. तोंडापासून माइक ६० सेंमीवरून १५ सेंमीवर आणला की थेट आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढतो, खोलीचा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंमी, हे बहुतेक गळ्यांना चालतं. दहा सेंमीच्या आत गेलात तर खर्ज फुगतो आणि मान थोडी हलली तरी आवाजाचा पोत बदलतो.

सगळ्यात दुर्लक्षित गुन्हेगार म्हणजे गाण्याचे शब्द ठेवलेला स्टँड. माइकच्या खाली कागद किंवा टॅबलेट असला की आवाज त्यावर आपटून थोड्या उशिराने माइकमध्ये शिरतो. परावर्तनाचा रस्ता थेट रस्त्यापेक्षा ३४ सेंमी लांब असेल तर उशीर होतो १ मिलिसेकंद, आणि ५००, १५००, २५०० हर्ट्झला खड्डे पडतात, म्हणजे तिथला आवाज जवळपास गायब होतो. ऐकताना ते ‘नाकातून गातोय’ असं वाटतं आणि लोक इक्वलायझर फिरवत बसतात. स्टँडवर टर्किश टॉवेल टाका, कागद त्यावर ठेवा आणि स्टँड तिरका करा, म्हणजे परावर्तन माइककडे न येता दुसरीकडे जाईल.

पॉप फिल्टर, म्हणजे हवेचे फटके अडवणारी जाळी, माइकपासून ५ ते ८ सेंमी पुढे. मराठीत प, ब यांच्या जोडीला फ आणि भ आहेत, त्यामुळे हवेचे फटके जास्त बसतात. माइक तोंडासमोर सरळ न धरता १५-२० अंश बाजूला वळवा. झोत माइकच्या शेजारून निघून जातो. ‘चांदणं’मधला दंत्य च, तसेच स आणि श टोचत असतील तर त्यांनाही हाच कोन मदत करतो. उरलेलं डी-एसरने (टोचणारे स-श दाबणाऱ्या इफेक्टने) ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, हलक्या हाताने.

गोंगाटाकडे येऊ. पंखा बंद, एसी बंद; खोली आधी थंड करून घ्या. खिडकीची बाजू माइकच्या पाठीकडे येऊ द्या. पावसाळ्यात खिडकीवरच्या पत्र्याला इलाज नाही, सर थांबायची वाट बघा. ‘हूं’ अशी सततची गुणगुण मात्र बहुधा विजेची असते, ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीतली. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर चार्जर किंवा अर्थिंग संशयित. दोन पिनांचा अॅडाप्टर लावून अर्थिंग तोडणं हा उपाय नव्हे, धोका आहे. इलेक्ट्रिशियनकडून प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. माइकची केबल बॅलन्स्ड एक्सएलआर (तीन पिनांची, बाहेरची गुणगुण कमी घेणारी) असू द्या आणि ती विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका.

गेन, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते, कमी केला की गोंगाट कमी होतो, हा समज चिवट आहे. गेनबरोबर गळाही तेवढाच खाली जातो, दोघांमधलं अंतर बदलत नाही. रेकॉर्डिंगचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. गेन लावताना ‘हॅलो, हॅलो’ म्हणू नका. गाण्यातली सगळ्यात वरची ओळ, तार षड्जाची जागा, पूर्ण ताकदीने गा आणि तिथे शिखर उणे १० ते उणे १२ डीबीएफएसला (डिजिटल मीटरवरचं डेसिबल, शून्य म्हणजे कमाल मर्यादा) येऊ द्या. मग दहा सेकंद गप्प राहून मीटर बघा. उणे ६० च्या खाली असेल तर उत्तम, उणे ५० चालवून घेता येईल, उणे ४० असेल तर रेकॉर्डिंग थांबवून कारण शोधा. कॉम्प्रेसर (मोठा आणि हळू आवाज यांतला फरक कमी करणारा इफेक्ट) लावून पुढे ८ डेसिबल उचललेत की ही गोंगाटाची पातळीही ८ डेसिबलने वर येते.

हेडफोन बंद पाठीचेच हवेत. तानपुऱ्याचं अॅप किंवा क्लिक मोठं ठेवलं तर ते कानाच्या फटीतून माइकमध्ये झिरपतं आणि शांत ओळींमध्ये उघडं पडतं. एक कान मोकळा ठेवून गायची सवय असेल, तर त्या बाजूचा आवाज शून्य करा. स्वतःचा गळा इंटरफेसच्या (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्राच्या) डायरेक्ट मॉनिटरवरून, म्हणजे कॉम्प्युटरमधून फिरून न येता, ऐका. कॉम्प्युटरमधून ऐकलं तर ५१२ सॅम्पलचा बफर (आवाज साठवून पुढे पाठवायचा तुकडा) ४८ किलोहर्ट्झला एका दिशेलाच पावणेअकरा मिलिसेकंदांच्या आसपास उशीर करतो, आणि परतीचा तितकाच धरला की लय डगमगते.

प्रत्येक टेकच्या आधी पाच-दहा सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करा, नॉइज रिडक्शनला तोच नमुना लागतो. त्याचं प्रमाण ६ ते ८ डेसिबलच ठेवा. २० दिलंत की शब्दांच्या शेपटीला पाण्याखालची गुळगुळ ऐकू येते. हाय-पास, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीखालचं कापणारा फिल्टर, पुरुषी आवाजाला ८० हर्ट्झ, बायकांच्या आवाजाला १०० च्या आसपास. श्वास कापून टाकू नका, ६ डेसिबलने खाली आणा आणि दोन्ही टोकांना १०-१५ मिलिसेकंदांचा फेड (हळूहळू चढ-उतार) द्या.