अवघड स्क्रीन आधी, फ्रेमवर्क नंतर

वेब ॲपच्या स्क्रीन बनवायला कोणतं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, घ्यावं, रिॲक्ट की अँग्युलर, व्ह्यू की स्वेल्ट, हा वाद टीममध्ये सुरू झाला की कुणीतरी दोन दिवसांत टू-डू लिस्ट बनवून दाखवतं. ती चारही ठिकाणी सुरेख बनते आणि त्यातून कळत काहीच नाही. ज्या ॲप्लिकेशनसमोर लोक दिवसाचे सहा-सात तास बसणार आहेत, त्याचा जीव गोष्टीतल्या राक्षसासारखा एकाच पोपटात असतो. हा पोपट म्हणजे बहुतेक वेळा एक टेबल: पन्नास हजार ओळी, तीस कॉलम, डावीकडचे दोन कॉलम गोठवलेले, सेलमध्येच एडिटिंग, एक्सेलमधून पेस्ट, आणि या सगळ्यावर सर्व्हरकडून सतत येणारे बदल. लॉगिन, प्रोफाइल, सेटिंग्ज कशातही होतात. निवड करायची ती या टेबलावरून. आणि ते नीट तपासायला घेतलं की दिसतं, फ्रेमवर्कपेक्षा त्यासाठी मिळणारा ग्रिडच, म्हणजे टेबलाचा तयार घटकच, जास्त गोष्टी ठरवतो.

आधी हिशेब. १०,००० ओळी आणि ३० कॉलम म्हणजे ३ लाख सेल. प्रत्येक सेलला एक एलिमेंट आणि आत एक टेक्स्ट नोड धरला तरी डॉममध्ये, म्हणजे ब्राउझरने मेमरीत ठेवलेल्या पानाच्या रचनेत, ६ लाख नोड होतात. फ्रेमवर्क कोणतंही असो, लेआउट करतानाच ब्राउझर फतकल मारतो. यावरचा उपाय म्हणजे व्हर्च्युअल स्क्रोलिंग, दिसतं तेवढंच रेंडर करणं (पडद्यावर काढणं). ओळ ३५ पिक्सेलची आणि दिसणारा भाग ८०० पिक्सेलचा असेल तर साधारण २३ ओळी दिसतात. वर-खाली पाच-पाच जादा धरून ३३. आडवे १२ कॉलम दिसत असतील तर ३९६ सेल. एवढं कुणालाही झेपतं.

पण स्क्रोलबारची लांबी खरी वाटावी म्हणून आत सगळ्या ओळींइतक्या उंचीचा एक रिकामा डिव्ह (चौकट) ठेवावा लागतो, आणि एलिमेंटच्या उंचीला ब्राउझरची मर्यादा असते. क्रोममध्ये ती सुमारे ३.३५ कोटी पिक्सेल, फायरफॉक्समध्ये सुमारे १.७९ कोटी. १० लाख ओळी गुणिले ३५ म्हणजे ३.५ कोटी. म्हणजे क्रोममध्ये साडेनऊ लाखांच्या थोड्या पुढच्या ओळींपर्यंत स्क्रोल पोहोचतच नाही, फायरफॉक्समध्ये तर पाच लाखांच्या आसपासच गाडी अडते. एरर येत नाही, कन्सोल स्वच्छ असतो, फक्त शेवटच्या ओळी कुठेच नसतात. चांगला ग्रिड डिव्हची उंची मर्यादेतच ठेवतो आणि स्क्रोलची जागा प्रमाणात ओळ-क्रमांकाशी जोडतो. तुमचा ग्रिड हे करतो का, हे डॉक्युमेंटेशनमध्ये शोधत बसण्यापेक्षा १० लाख खोट्या ओळी भरून एंड की दाबून बघणं सोपं.

व्हर्च्युअल स्क्रोलिंगची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. कंट्रोल-एफ दाबल्यावर ब्राउझर फक्त त्या ३३ ओळींतच शोधतो, त्यामुळे शोध स्वतः द्यावा लागतो. अंधांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही वाटतं की टेबल ३३ ओळींचंच आहे. टेबलाला एकूण ओळी सांगणारा एरिया-रोकाउंट आणि प्रत्येक ओळीला तिचा क्रमांक सांगणारा एरिया-रोइंडेक्स द्यावा लागतो. फोकस असलेला सेल स्क्रोल होऊन डॉममधून निघून गेला की फोकस थेट बॉडीवर, म्हणजे अख्ख्या पानावर, जातो आणि बाणाच्या कळा बंद पडतात. हा दोष डेमोत कधीच दिसत नाही, कारण डेमो माउसने दाखवतात.

सतत येणारे बदल

फ्रेमवर्कांमधला खरा फरक इथे दिसतो. रिॲक्टमध्ये स्टेट (स्क्रीनचा चालू डेटा) बदलली की तो कॉम्पोनंट (स्क्रीनचा तुकडा) आणि त्याखालची सगळी पिल्लावळ पुन्हा रेंडर होते. ते अडवायला मेमो (आधीचं रेंडर जपून ठेवणारा) असतो, पण प्रॉप (कॉम्पोनंटला बाहेरून दिलेली किंमत) म्हणून दर वेळी नवा ऑब्जेक्ट किंवा नवं फंक्शन गेलं की मेमो निरुपयोगी. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्थिर झालेला रिॲक्ट कंपायलर हे काम बरंचसं आपोआप करतो. मात्र स्टेटमधला ऑब्जेक्ट जागच्या जागी बदलण्याची सवय कोडमध्ये मुरलेली असेल, तर आधी ती साफ करावी लागते.

व्ह्यू प्रॉक्सी (मध्यस्थ ऑब्जेक्ट) लावून कोणती किंमत कुठे वाचली गेली याची नोंद ठेवतं, म्हणून हाताने मेमो लावण्याची गरज फारशी पडत नाही. पण पन्नास हजार ऑब्जेक्टांचा ॲरे साध्या रेफमध्ये (व्ह्यूची बदल टिपणारी पेटी) टाकला तर खोलवर प्रॉक्सी लागत जातात आणि सॉर्ट करताना प्रत्येक वाचन त्यांच्यातून जातं. अशा डेटासाठी शॅलो-रेफ (फक्त वरवर लक्ष ठेवणारा रेफ) वापरायचा आणि बदल झाला की ॲरेच नवा द्यायचा. स्वेल्टच्या पाचव्या आवृत्तीतही हीच गोष्ट, तिथे स्टेटचा रॉ प्रकार आहे. सॉलिड नावाच्या आणखी एका फ्रेमवर्कमध्ये प्रॉप्स डीस्ट्रक्चर केले (वेगवेगळ्या व्हेरिएबलमध्ये काढले) की रिॲक्टिव्हिटी (किंमत बदलली की स्क्रीन बदलणं) तुटते, आणि रिॲक्टवरून आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हे करतोच.

अँग्युलरचा जुना त्रास झोन-जेएस या इव्हेंटांवर पाळत ठेवणाऱ्या लायब्ररीचा. कुठलाही इव्हेंट आला की अख्ख्या ट्रीची तपासणी. कॉलमची रुंदी ओढून बदलताना माउसमूव्ह सेकंदाला साठ वेळा येतो, म्हणजे साठ तपासण्या. अशी कामं झोनच्या बाहेर चालवायची आणि कॉम्पोनंट ऑन-पुशवर (गरजेपुरतीच तपासणी) ठेवायचे, हा त्यावरचा जुना उपाय. आता सिग्नल्स (बदलल्यावर स्वतःच कळवणाऱ्या किमती) आहेत, आणि २१व्या आवृत्तीपासून नवं ॲप झोनशिवायच तयार होतं. जुन्या अनुभवावरून अँग्युलरला जड म्हणणाऱ्यांनी हे एकदा तपासून घ्यावं.

तरीही सेकंदाला २०० मेसेज वेबसॉकेटवरून (सर्व्हरशी सतत उघडं कनेक्शन) येत असतील, तर प्रत्येक मेसेजवर स्टेट बदलणं कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये चूकच. एका कॉलबॅकमधले बदल रिॲक्ट एकत्र करतं, वेगवेगळ्या मेसेजचे करेलच याची हमी नाही. ओळीचा आयडी ही की धरून एक साधा मॅप ठेवायचा, आलेला बदल त्यात टाकायचा, आणि रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेममध्ये फ्रेममागे एकदाच तो रिकामा करायचा. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. मॅपच का, ॲरे का नाही? कारण टॅब मागे गेला की ॲनिमेशन फ्रेम थांबते, पण सॉकेट चालूच राहतो. ॲरे फुगत जातो. मॅपमध्ये एका ओळीची शेवटचीच किंमत उरते, त्यामुळे तो ओळींच्या संख्येपुढे वाढत नाही. टॅब परत पुढे आणल्यावर चार-पाच सेकंद गोठणाऱ्या बऱ्याच ॲप्सचं मूळ इथेच सापडतं.

पेस्ट नावाची साधी गोष्ट

एक्सेलमधून कॉपी केलेलं पेस्ट होतं ना, हा वापरणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि नेमकं तेच फुकट मिळत नाही. एजी ग्रिड या तयार ग्रिडची कम्युनिटी आवृत्ती मोफत वापराच्या एमआयटी लायसन्सखाली आहे, पण सेलची रेंज निवडणं, ग्रुपिंग, पिव्हट आणि एक्सेल एक्सपोर्ट विकतच्या एंटरप्राइज आवृत्तीत. रिॲक्टसाठीच्या एमयूआयच्या डेटा ग्रिडच्या मोफत आवृत्तीत एका पानावर १०० ओळींचीच मर्यादा, आणि क्लिपबोर्डवरून पेस्ट विकतच्या प्रीमियम प्लॅनमध्ये. टॅनस्टॅक टेबल पूर्ण मोफत, पण ते हेडलेस आहे: सॉर्ट, फिल्टर, ग्रुपिंगचं गणित ते करतं, मार्कअप, कळा, फोकस सगळं तुमच्याकडे. याला माझ्या मते अनुभवी माणसाचे दीड-दोन महिने धरावेत. फुकटचा ग्रिड आणि विकतचा ग्रिड यांची तुलना करताना हे दीड-दोन महिने पगारात मोजा, मग लायसन्स तितकं महाग वाटत नाही.

पेस्ट स्वतः लिहायचं ठरलंच तर एक खाचखळगा लक्षात ठेवा. एक्सेल क्लिपबोर्डवर साध्या मजकुराच्या रूपात टॅबने तोडलेले सेल आणि नव्या ओळीने तोडलेल्या ओळी ठेवतो. सगळे जण आधी नव्या ओळीवर आणि मग टॅबवर तोडतात. पण सेलच्या आतच ओळ मोडलेली असेल, तर एक्सेल तो सेल दुहेरी अवतरणात घालतो आणि आतलं अवतरणचिन्ह दोनदा लिहितो. साध्या तोडणीने अशी एक ओळ दोन होते, आणि तिच्याखालचं सगळं एक घर खाली सरकतं. अक्षर-अक्षर वाचत जाणारा, अवतरणाच्या आत आहोत की बाहेर हे लक्षात ठेवणारा पंचवीस-तीस ओळींचा पार्सर लिहिला की प्रश्न मिटतो. शेवटी येणारी जादा नवी ओळही काढून टाका, नाहीतर खालच्या ओळीचा पहिला सेल पुसला जातो.

मोठ्या फॉर्मचं थोडक्यात सांगतो. ८० फील्ड आणि सगळ्यांची स्टेट वरच्या कॉम्पोनंटमध्ये असेल, तर रिॲक्टमध्ये एका अक्षरामागे ८० फील्ड रेंडर होतात. प्रत्येक फील्डला आपापली किंमत ऐकू द्यावी. अँग्युलरचे रिॲक्टिव्ह फॉर्म इथे तयार मिळतात, १४व्या आवृत्तीपासून टाइप्ससकट, आणि फॉर्मच फॉर्म असलेल्या ॲपसाठी ते मला अजूनही सगळ्यात भक्कम वाटतात. व्ह्यूमध्ये एक बारीक गोष्ट: आयएमई (इंग्रजीखेरीज इतर लिप्यांसाठीचं टायपिंगचं साधन) वापरून टाइप करताना शब्द पक्का होईपर्यंत व्ही-मॉडेल (इनपुट आणि स्टेट जोडणारी सोय) बदलत नाही. टाइप करता करता सुचवण्या हव्या असतील तर इनपुट इव्हेंट थेट ऐकावा लागतो. इंग्रजीत तपासणाऱ्याला हे कधीच सापडत नाही.

वेगळ्या वाटा

फ्लटर, मुळात मोबाइल ॲपचं फ्रेमवर्क, वेबवर सगळं कॅनव्हासवर (चित्रासाठीच्या पटलावर) काढतं. मोबाइल ॲप आधीच फ्लटरमध्ये असेल तर मोह होतो. पण मजकूर डॉममध्ये नसल्यामुळे ब्राउझरचा शोध चालत नाही, मजकूर निवडता यावा म्हणून वेगळं विजेट लावावं लागतं, आणि स्क्रीन रीडरसाठीची रचना सुरुवातीला बंद असते. ड्रॉइंगसारख्या ॲपला ठीक, टेबल-फॉर्मच्या ॲपला नाही.

ब्लेझर सर्व्हरमध्ये (मायक्रोसॉफ्टचं सी-शार्पमधलं वेब फ्रेमवर्क) प्रत्येक क्लिक सर्व्हरला जाऊन येतो. नेटवर्कला १५० मिलिसेकंद लागत असतील तर प्रत्येक चेकबॉक्सला तेवढा उशीर होणारच. शिवाय स्क्रीनची स्टेट सर्व्हरच्या मेमरीत असते. कनेक्शन तुटलं तर ती डीफॉल्टने ३ मिनिटं सांभाळली जाते, लॅपटॉप झाकून जेवायला गेलेल्याचा अर्धवट भरलेला फॉर्म गेला. सी-शार्पचीच टीम असेल तर ब्लेझरचा ब्राउझरमध्येच चालणारा वेबअसेंब्ली प्रकार पाहा, तिथे पहिलं डाउनलोड मोठं असतं पण हा त्रास नाही.

आणि तुमची सगळ्यात अवघड स्क्रीन म्हणजे साधी यादी आणि फॉर्म असेल, तर यातलं काहीच नको. सर्व्हरवर बनवलेलं एचटीएमएल आणि जोडीला पानाचे तुकडे बदलणारी एचटीएमएक्स ही छोटी लायब्ररी पुरे. मुंगी मारायला तोफ कशाला?

आयुष्य

सिल्व्हरलाइट या ब्राउझर प्लगइनचा सपोर्ट १२ ऑक्टोबर २०२१ ला संपला, फ्लॅशचा ३१ डिसेंबर २०२० ला, अँग्युलरच्या आधीच्या अँग्युलर-जेएसचा २०२१ च्या अखेरीस, व्ह्यू २ चा ३१ डिसेंबर २०२३ ला. व्यवसायासाठी बनवलेलं ॲप दहा वर्षं चालतं, म्हणजे त्यात एक मोठं स्थलांतर धरूनच चालायचं. अँग्युलरची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला १८ महिने सपोर्ट असतो. एकेक आवृत्ती चढत जायचं, तीन एकदम उडी मारून नाही. रिॲक्टमध्ये अशी शिस्त नाही, तिथे अडवणूक लायब्ऱ्यांकडून होते: रिॲक्टची नवी आवृत्ती येते, डेट-पिकर अजून जुन्यावर असतो, एनपीएम (पॅकेज बसवणारं साधन) इन्स्टॉल करायला नकार देतं, आणि कुणीतरी लेगसी-पीअर-डेप्सचा, म्हणजे आवृत्त्यांचा मेळ न तपासण्याचा, झेंडा लावून पुढे जातं. काही दिवसांनी हुक (कॉम्पोनंटमध्ये वापरायचं रिॲक्टचं खास फंक्शन) चुकीच्या जागी वापरल्याची एरर येते, कोड तर बरोबर दिसतो. अशा वेळी एनपीएम-एलएस चालवून रिॲक्टच्या दोन प्रती बसल्या आहेत का ते आधी पाहा. किंमत काढणं, तपासणी, परवानग्या यांचे नियम साध्या टाइपस्क्रिप्ट फाइलींत ठेवा, त्यांत फ्रेमवर्कचा एकही इम्पोर्ट नको. स्थलांतरात तेवढाच भाग जसाच्या तसा उचलता येतो.

चाचणी दोनच उमेदवारांची घ्या, प्रत्येकाला तीन दिवस. पहिल्या दिवशी ग्रिड आणि ५०,००० ओळी, दुसऱ्या दिवशी एडिटिंग, पेस्ट आणि बदलांचा प्रवाह, तिसरा दिवस फक्त मोजण्याचा. मोजमाप प्रॉडक्शन बिल्डवर करा. रिॲक्टचा स्ट्रिक्ट मोड डेव्हलपमेंटमध्ये कॉम्पोनंट मुद्दाम दोनदा चालवतो, त्यामुळे तिथले आकडे बिनकामाचे. डेव्हटूल्समध्ये सीपीयू चौपट मंद करा. कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत २०० मिलिसेकंदांच्या आत व्हायला हवं. आयएनपी या प्रतिसादाच्या वेगाच्या मापाची चांगली मर्यादा तीच आहे. माउस काढून ठेवा आणि पूर्ण काम कळांवर करून बघा. मग तीच स्क्रीन वीस वेळा उघडून बंद करा, कचरा गोळा करायला (गार्बेज कलेक्शन) लावा आणि हीप स्नॅपशॉटमध्ये (मेमरीचं त्या क्षणीचं चित्र) डीटॅच्ड, म्हणजे पानातून निघूनही मेमरीत अडकलेले, एलिमेंट शोधा. वीस उघड-बंदनंतर ग्रिडच्या वीस प्रती तिथे पडून असतील, तर कुठेतरी विंडोवर लावलेला लिसनर किंवा सॉकेटची सबस्क्रिप्शन काढलेली नाही. ही चूक तुमच्या कोडची असेल तर दुरुस्त करून पुन्हा मोजा. ग्रिडच्या आतलीच असेल तर त्या ग्रिडच्या इश्यू ट्रॅकरवर असाच दोष किती दिवस उघडा आहे ते बघा, आणि त्यावरून ठरवा.